नाक्यावरच्या चंद्रकोरी

१

रझियाच्या दोन्ही डोळ्यांवर कोणीतरी सुरी चालवली होती.

खऱ्या रझियाच्या नाही हां! खरी रझिया त्या वेळी स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या भाजत होती. सुरी चालली होती ती दर्यामोहल्ल्याच्या नाक्यावरच्या फ्लेक्सवर. तिथे रझिया निळी ओढणी डोक्यावर घेऊन, हात जोडून, भिंतीएवढी हसत उभी होती. नगरपरिषदेची उमेदवार, निशाणी कपबशी.

हे सगळ्यात आधी मनालने पाहिलं नाही, पण सगळ्यात मोठ्याने ओरडली मात्र तीच. रविवार होता. पायात चपला सरकवून ती दूध आणायला निघाली, तर नाक्यावर माणसं माना वर करून उभी. तिनेही मान वर केली. डाव्या डोळ्यावर चंद्रकोरीसारखा काप, उजव्यावर तसाच. एक ओठांवर, एक कपाळावर. वाऱ्याने त्या कापांच्या पाकळ्या फडफडत होत्या आणि आईचे डोळे उघडत होते, मिटत होते.

"अम्मीऽऽ!"

ही आरोळी खाली जेटीपर्यंत गेली म्हणतात. मनाल दहावीत होती. गेल्याच महिन्यात ती शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती, आणि तेव्हापासून तिला वाटायला लागलं होतं की जगातला कुठलाही प्रश्न असो, आपल्या हातात माईक द्या, सुटलाच म्हणून समजा. पण त्या सकाळी तिच्या तोंडून दुसरा शब्द फुटला नाही.

"चंद्रकोर काढलीय बघा," आरोळीने जागा होऊन धावत आलेला अझीमचाचा दात आवळून म्हणाला. चाचा म्हणजे तिच्या वडिलांचा धाकटा भाऊ. वडील हाशिम जहाजावर, कुठेतरी आफ्रिकेच्या बाजूला. "कळला ना काय म्हणायचाय त्यांना? तुमच्यातली बाई इथे नको. सरळ हाय."

आणि खरंच, त्याच लोखंडी सांगाड्यावर डाव्या अर्ध्या भागात खारवीवाडीच्या हौसाताईंचा फ्लेक्स होता. समोरच्या पॅनेलच्या उमेदवार. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

तेवढ्यात स्कूटर थांबली. गुरुप्रसादभाऊ उतरले. रझियाच्या पॅनेलचे प्रमुख. माणूस मनाने वाईट नाही, पण घाबरला की त्यांना घाम फुटतो आणि घाम फुटला की ते सल्ले देतात.

"वहिनी," ते घरात येऊन पाण्याचा पेला हातात तसाच धरून म्हणाले, "वातावरण तापतंय. मोर्चा काढा म्हणणारे निघालेत. तिकडून वाडीवाले निघतील. आपल्या सगळ्या पॅनेलमध्ये अल्पसंख्याक उमेदवार एकटी तुम्ही. एकच नाव आहे, ते वादात नको. मी म्हणतो, नवीन फ्लेक्स छापू. मोठी कपबशी, वर माझा फोटो, खाली तुमचं नाव. तुमचा चेहरा... राहू दे या वेळी."

रझियाने तव्यावरची भाकरी उलटली. "एकच आहे, म्हणून झाकायचा का, भाऊ?"

"झाकायचा असं नाही हो..."

"संध्याकाळी सांगते."

ते गेले. रझिया या मोहल्ल्याची बालवाडीची बाई. मोहल्ल्यातली आणि वाडीतली निम्मी पोरं पहिल्या दिवशी तिच्याच ओढणीला नाक पुसून रडली होती. मोहल्ल्याची घरं थोडी, वाडीची पुष्कळ. मतं मागायला सगळे येत, पण उमेदवार म्हणून मोहल्ल्यातलं नाव या प्रभागात आजवर कोणी दिलं नव्हतं.

"अम्मी, काय सांगणार तू?"

"नाव मागे घ्यायची तारीख गेली," रझिया गॅस बंद करत म्हणाली. "पण समोरच्यांना पाठिंबा जाहीर करून घरी बसता येतं की. ज्यांना माझा चेहरा बघवत नाही, त्यांच्या दारात कशाला जाऊ मी?"

आईचा आवाज इतका सपाट मनालने कधी ऐकला नव्हता. ती ताडकन उठली.

"संध्याकाळपर्यंत थांब. हे कोणी केलं ते मी शोधून काढते."

२

तपासाला जोडीदार हवा, म्हणून मनालने दर्शनाला बोलावलं. आता गंमत अशी की दर्शना ही हौसाताईंची मुलगी. आयांच्या निशाण्या वेगळ्या, पण पोरींचा बाक एकच.

"माझ्या आईवर संशय घेणार असशील तर आत्ताच सांग, मी घरी जाते," दर्शना म्हणाली.

"सगळ्यांवर घेणार. माझ्या घरच्यांवरपण. चल."

बंद टपरीचं बाकडं ओढून मनाल त्यावर चढली. वारा आता चांगलाच सुटला होता. रात्री समुद्रात कमी दाबाचा पट्टा असल्याचं बातम्यांत सांगितलं होतं, आणि गेलेल्या होड्या सकाळीच परत फिरल्या होत्या. मनालने ओठांवरच्या कापाची पाकळी चिमटीत धरली.

"दर्शे, बघ. पाकळी बाहेर आलीय, आपल्याकडे. आणि रंगाचे टवके पण पुढच्या बाजूने उडालेत."

"म्हणजे सुरीचं टोक मागून पुढे आलं."

"म्हणजे मागून कापलंय!"

"कपबशीवर पण एक काप आहे. आणि तो बघ, तिथे कोपऱ्यात, नुसत्या पांढऱ्या जागेवर."

"अगं, रागाच्या भरात माणूस कुठेही मारतो," मनालने हात झटकला. हा हात झटकायला नको होता, पण ते तिला पुढे कळायचं होतं.

दोघी सांगाड्याला वळसा घालून मागे गेल्या. हौसाताईंच्या अर्ध्या भागामागे विहीर, मोकळं आवार. आणि रझियाच्या अर्ध्या भागामागे, हात लांबवला की पोचेल इतकी जवळ, एका माडीची गॅलरी.

दर्शना वर बघत राहिली. मग हळूच म्हणाली,

"मनाल, ही तर तुमचीच माडी."

३

मागून हात पोचेल असे तिघंच. एक ऋत्विक, दर्शनाचा मोठा भाऊ. फ्लेक्स बांधायचं काम त्याचं, शिडी त्याची. दुसरा अझीमचाचा, तो माडीवर झोपतो.

"आणि तुझे बाबा?" दर्शनाने विचारलं.

"बाबा नाहीत," मनाल म्हणाली. फारच पटकन म्हणाली.

बाबा म्हणजे मनालचे आजोबा, मुसा. अख्खं आयुष्य दर्यावर. आधी मचव्यावर, मग मोठ्या मालवाहू जहाजांवर. आता सगळा दिवस माडीच्या गॅलरीत खुर्ची टाकून समुद्राकडे बघत बसायचे. रझियाने उमेदवारी भरली त्या दिवशी ते चारचौघांत म्हणाले होते, "आपल्या घरातली बाई नाक्यावर टांगायची नाय." त्यानंतर सुनेशी त्यांनी बोलणं टाकलं. एकाच पाटाजवळ बसून म्हणायचे, "मनाल, तुझ्या आईला सांग, सांबाऱ्यात मीठ कमी हाय." आणि अम्मी म्हणायची, "मनाल, बाबांना सांग, डॉक्टरने कमीच सांगितलंय." मनालची मान इकडून तिकडे वळवून दुखायला लागली होती.

तर आधी ऋत्विक.

खारवीवाडीत हौसाताई अंगणात बसून बांगडे साफ करत होत्या. पोरींना बघून त्यांनी कोयतीवरून हात काढला.

"काय गो, गुप्त पोलीस इले वाटतं!"

"ऋत्विकदादाला विचारायचंय."

"विचार की. सकाळपासून अर्ध्या गावाने विचारलंन. तू तेवढी ऱ्हायलीस." मग त्यांचा आवाज चढला. "माझ्या ह्या दर्शनाला अ-आ-ई कुणी शिकवलंन? तुझ्या आईने. तिच्या डोळ्यावर सुरी चालवू आम्ही? मना मतं हवीत गो बाय, पाप नको."

ऋत्विक पायरीवर दोऱ्या गुंडाळत बसला होता. तोंड उतरलेलं.

"मी काल पावसला मामेभावाच्या हळदीला होतो. सकाळच्या गाडीने आलो, तर इथे लोकं माझी वाट बघतायत. विचार मामाला फोन करून." त्याने दोरीची गाठ आवळली. "आणि डोकं चालव जरा. तोंडच कापायचं असतं तर मी पुढून कापलं असतं. मागून काय कळतंय? फ्लेक्स मागून पांढराफटक असतो. गेल्या साली एका साहेबांचा वाढदिवसाचा फ्लेक्स मी मागून बांधला नि पुढे येऊन बघतोय तर साहेब डोक्यावर उभे!"

दर्शना फिस्सकन हसली. मनालही हसली. हसता हसता तिच्या मनात काहीतरी टोचलं, पण नेमकं काय ते तिला सापडेना. मामाला फोन झाला. हळदीला ऋत्विक नुसता नाचला नव्हता, तर जेवणावळीत तीन वेळा वाढपीही झाला होता. एक नाव गळलं.

राहिली ती दोन्ही नावं मनालच्या घरातली होती.

४

अझीमचाचा जेटीवर सिगारेट ओढत होता. पुतणीला बघून त्याने ती विझवली.

"चाचा, तिकीट तुम्हाला हवं होतं ना?"

"हवा होता. लपवतोय कुठे? पाच वर्षं दुबईहून येऊन-जाऊन लोकांची कामं केली. मग जागा निघाली महिला राखीव. आता काय साडी नेसून उभा ऱ्हाऊ?"

"म्हणून राग आला?"

"आला. चार दिवस आला. मग भाभीने फॉर्म भरला तेव्हा मीच गेलो ना बरोबर? पॅनेलवाल्यांनी एवढ्या वर्षांनी मोहल्ल्यातलं एक नाव घेतलं. ते भाभीचं का माझं, हे बघत बसू?" त्याने मनालच्या डोक्यावर टपली मारली. "मी रात्री पडलो ते सकाळी तुझ्या बोंबेने उठलो. मध्ये एकदाच जाग आली. गॅलरीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला."

"बाबा पहाटे फजरच्या नमाजला उठतात. त्यात काय?"

चाचाने मान वळवली. समुद्राकडे बघत म्हणाला, "अजान व्हायची होती अजून. मिट्ट काळोख होता."

मनाल घरी आली ती धावतच. बाबा खोलीचं दार लावून पडले होते. सकाळपासून जेवलेसुद्धा नव्हते. गॅलरीत त्यांची खुर्ची रोजच्यासारखी समुद्राकडे तोंड करून नव्हती, फ्लेक्सकडे होती. कट्ट्यावर त्यांचा जुना चाकू होता, जहाजावरचा, लाकडी मुठीचा. आंबा सोलायला, सुतळी कापायला, सगळ्याला तोच.

मनालने तो उचलला. पात्याच्या खाचेत एक टवका अडकला होता. बारीकसा, निळा. अम्मीच्या ओढणीचा निळा.

तिने चाकू ओढणीत लपवला आणि ती तिथेच खाली बसली. लहानपणी तिला खांद्यावर घेऊन जहाजांची नावं ओळखायला शिकवणारे बाबा. रागावले तर रागावले, पण डोळ्यांवर?

आता जाऊन हे अम्मीला सांगायचं? मग अम्मी या घरात कशी राहील?

आणि तेवढ्यात नाक्यावरून आरडाओरडा झाला.

५

हौसाताईंचा फ्लेक्स फाटला होता. चिंध्याच! अर्ध्या हौसाताई लोंबकळत होत्या आणि अर्ध्या विहिरीत.

"बदला घेतलाव काय?" खारवीवाडीतून आलेला एकजण गरजला.

"आमच्या अंगावर येऊ नकोस हां!" इकडून उत्तर गेलं.

दोन्ही बाजूंनी माणसं पुढे सरकायला लागली. गुरुप्रसादभाऊ मध्ये उभे राहून दोन्हीकडे हात जोडत होते आणि घामाने भिजले होते. मनालच्या डोक्यात बाबांचा चाकू होता, तरी ती बाकड्यावर चढली. माईक नव्हता. माईक लागलाही नाही.

"थांबाऽऽ! कोणीतरी हे नीट बघा आधी! ही सुरी नाही. जिथे दोरी बांधलीय तिथूनच सुरुवात झालीय. प्रत्येक चिंधी दोरीपासून खाली गेलीय. वारा आहे हा! मागे वळून रस्ता बघा!"

माणसांनी वळून पाहिलं. रस्ताभर फ्लेक्सांची दैना झाली होती. गुरुप्रसादभाऊंचा स्वतःचा फोटो विजेच्या खांबाला गुंडाळला गेला होता. शुभेच्छा देणारे, मार्गदर्शक, आधारस्तंभ, सगळे सारखेच लोळत होते.

"जेटीवर पण एक धड ऱ्हायला नाय," मागून कोणीतरी म्हणालं. दुसरा हसला. आवाज खाली आले. माणसं एकेक पाऊल मागे सरली.

मनाल खाली उतरली. दर्शनाने तिचा हात धरला. पण दर्शना तिच्याकडे बघत नव्हती. ती वर बघत होती.

"मनाल," ती म्हणाली, "सगळ्यांचे फाटले. मग तुझ्या आईचा का नाही फाटला?"

६

मनाल रस्त्याच्या पार पलीकडे जाऊन उभी राहिली, जिथून अख्खा फ्लेक्स एका नजरेत दिसतो. सकाळपासून तिने नुसता चेहराच पाहिला होता. सगळ्यांनीच.

आता तिने चेहरा सोडून बाकीचं पाहिलं. काप ओळीत होते. वर एक ओळ, तिच्याखाली दुसरी, मग तिसरी. सगळ्यांत सारखं अंतर, सगळे सारख्या आकाराचे. कपबशीवर होते, नावावर होते, मोकळ्या पांढऱ्या जागेवर होते. चेहरा मधोमध होता म्हणून त्याच्यावर आले इतकंच. वाऱ्याचा झोत आला की सगळ्या पाकळ्या एकदम उचलायच्या, वारा आरपार निघून जायचा, आणि फ्लेक्स जागेवर शांत.

मागून पांढराफटक. मिट्ट काळोख. ऋत्विकच्या बोलण्यातलं काय टोचत होतं ते आता तिला कळलं.

ती माडीचा जिना दोन-दोन पायऱ्या घेत चढली आणि तिने बाबांचं दार ढकललं.

"बाबा, तुम्ही कापलंत."

मुसाबाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते वळले नाहीत.

"आणि तुम्हाला माहीत नव्हतं कुठे कापताय ते. मागून काही दिसतच नाही. तुम्ही अम्मीचा चेहरा कापला नाहीत. तुम्ही फ्लेक्सला वाऱ्यासाठी वाट करून दिलीत. हो ना? हो म्हणा ना, बाबा!"

मग ते हळूहळू उठून बसले. दाढी चुरगळलेली, डोळे लाल.

"रात्री दर्याचा आवाज बदलला," ते म्हणाले. "मना कळला, सकाळी वारा येणार. ताडपत्री अशी ताणून बांधली का ती दोरीपासून फाटते. आम्ही डेकवर कापायचो अशीच. अर्धी चकती. वरची बाजू कापायची नाय. वारा आला का उचलते, गेला का बसते. हात पोचला तिथपर्यंत केला."

"मग सकाळी सांगितलं का नाहीत?"

"नमाज पढून परत येत होतो. वर बघितला." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "तिचे डोळे, मनाल. मी माझ्या हाताने. अन् अझीम ओरडतोय, सगळी लोकं ओरडतायत. महिनाभर मी तिच्याशी बोललो नाय, गावाला ठाव हाय. आता जाऊन सांगू, चुकून झाला? तू मानला असतास?"

मनालला चटकन हो म्हणावंसं वाटलं. पण ओढणीतला चाकू अजून तिच्या कुशीला लागत होता.

"तासाभरापूर्वी नसतं मानलं," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. तिने खोटं सांगितलं नाही याचं त्यांना बरं वाटलं असावं.

"पण तुम्हाला अम्मी उभी राहायला नकोच होती ना?"

"नकोच होती. तुना ठाव नाय. तुझा बाप लहान होता तेव्हापासून दर निवडणुकीला कोण ना कोण दारात आला. मुसाभाई, चला आमच्यासाठी. मी गेलो. मोहल्ल्यात गेलो, वाडीत गेलो, दारोदार फिरलो. जिंकले का म्हणायचे, पुढच्या वेळी तुमच्यातला एक नक्की." ते थोडं हसले. "मग पुढच्या वेळी परत तेच. मना वाटला, हिला गोड बोलून उभी करतील, पाडतील अन् मागून हसतील. म्हणून नको म्हटला."

"मग तिचा फ्लेक्स वाचवायला काळोखात उठलात कशाला?"

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की हा काय प्रश्न झाला!

"उभी ऱ्हायली ना ती. मग फाटू कशी देऊ?"

मनालने त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं. जरा वेळाने ती म्हणाली, "खाली गुरुप्रसादभाऊ येतील आता. मी सांगते सगळ्यांना."

"नको. तुझा भाषण नको." बाबांनी टोपी आणि काठी शोधायला हात लांब केला. "कापला मी."

७

पडवीत गुरुप्रसादभाऊ मोबाईलवर नवीन फ्लेक्स दाखवत होते. मोठी कपबशी होती, तिच्यावर तेवढेच मोठे गुरुप्रसादभाऊ होते आणि तळाशी रझियाचं नाव होतं, बशीच्या सावलीत आल्यासारखं. अझीमचाचा भिंतीला टेकला होता. ऋत्विकवरचा आळ काय तो एकदाचा मिटवायला हौसाताईही आल्या होत्या, मुलाला आणि मुलीला घेऊन.

"भाऊ," रझिया म्हणाली, "तुम्हाला मी फार वेळ अडकवत नाही. मी ठरवलंय की..."

"रझिया."

सगळ्यांनी वळून पाहिलं. महिनाभरात पहिल्यांदा बाबांनी तिला नावाने हाक मारली होती. ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कठडा धरून उभे होते.

"मी कापला तो," ते म्हणाले. "तुझा फ्लेक्स. माझ्या चाकूने."

अझीमचाचा भिंतीवरून सुटा झाला. "बाबा!" गुरुप्रसादभाऊंचा मोबाईल मांडीवरून घसरला. रझियाचा चेहरा पांढरा पडला. तिने शेजारच्या खुर्चीची पाठ धरली.

आता मनालला गप्प बसवेना. "बाबा, शपथ, भाषण नाही, फक्त तीन मिनिटं!" म्हणत तिने सगळ्यांना उठवून नाक्यावर नेलं. ऊन कलतं होतं. तिने पाकळी धरून दाखवली, कशी मागून पुढे आलीय. ऋत्विकला गॅलरीत पाठवून विचारलं, "तिथून अम्मी दिसते का?" तो वरून ओरडला, "पांढरं दिसतंय नुसतं!" मग तिने सगळ्यांना रस्त्याच्या पलीकडे उभं केलं आणि ओळी दाखवल्या. शेवटी सांगाड्याच्या शेजारच्या रिकाम्या भागाकडे बोट केलं, जिथे सकाळपर्यंत हौसाताई होत्या.

"ज्याला अम्मीचा राग असता, त्याने काही न करता नुसती झोप काढली असती. वाऱ्याने दुपारपर्यंत त्याचं काम केलंच असतं. कापलं म्हणूनच ती अजून इथे आहे. अख्ख्या रस्त्यावर एकटी!"

मग हौसाताईंनी कमरेवर हात ठेवला.

"मुसाभाई, मग माझा कशाला नाय कापलाव?"

"हात पोचला नाय गो," बाबा अपराधी आवाजात म्हणाले. "खाली विहीर. वाकून बघितला मी."

"म्हणजे मी फाटले ती तुमचा हात आखूड म्हणून!"

ऋत्विक गॅलरीतून इतका मोठ्याने हसला की खालची माणसंही सुटली. तो खाली उतरल्यावर अझीमचाचा डोळे पुसत त्याच्याकडे गेला आणि "सकाळी तुना बोललो ते..." एवढंच म्हणून त्याने हात पुढे केला.

रझिया मात्र हसत नव्हती. ती फ्लेक्सच्या अगदी खाली जाऊन उभी राहिली होती. बाबा तिच्या मागे दोन पावलांवर.

"महिनाभर मीठ कमी झालं की मनालकडून कळवलंत," ती न वळता म्हणाली. "हे तरी स्वतः येऊन सांगायचं, बाबा."

"तोंड नव्हता मना."

"मी दिवसभर काय समजत होते माहिती आहे? वाटलं, या नाक्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी कोणीतरी. मी ज्याच्या पोराचं नाक पुसलंय असा कोणीतरी. एकेकाचं तोंड आठवून बघत होते मी." तिचा आवाज तुटला. बाबांनी हात उचलला, तो हवेतच राहिला, मग त्यांनी तो तिच्या डोक्यावर ठेवला. रझिया ओढणीत तोंड घालून रडली, आणि मनालला कळेना आपण का रडतोय, तर दर्शना आधीच रडत होती.

गुरुप्रसादभाऊंनी घसा खाकरला. "वहिनी, मग तो नवीन फ्लेक्स..."

"छापा," रझिया नाक पुसत म्हणाली. "चेहऱ्याचा. याहून मोठा. आणि कापायचं काम बाबांचंच. फक्त पुढून. मी खाली उभी राहून सांगेन कुठे."

"माझाही कापाल का हो, मुसाभाई?" भाऊंनी विचारलं. या वेळी घाम नव्हता.

सूर्य बुडायला वेळ होता. रझियाने घरातून पत्रकं आणली, मनालच्या हातात अर्धी दिली आणि ती वाडीच्या दिशेने निघाली. थोडं गेल्यावर तिला मागे काठीचा आवाज आला. तिने चाल हळू केली. काही विचारलं नाही.

पहिलं घर भिकाजींचं. बाबांच्याच वयाचा माणूस, जन्म या वाडीत गेलेला. अंगणात कोण आलंय ते त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"अरे, मुसाभाई! कित्येक वर्षांनी. यंदा कोणासाठी फिरताय?"

बाबांनी ओठ उघडले. इतक्या निवडणुकांची सवय. कुठल्या तरी साहेबांचं नाव जिभेवर आल्यासारखं झालं आणि अडकलं. मनालला सगळं भाषण तोंडपाठ होतं, पण तिने दात घट्ट मिटले. अम्मी हातातली पत्रकं सारखी करत उभी होती, वाट बघत.

"माझ्या सुनेसाठी," बाबा म्हणाले.

भिकाजींनी रझियाकडे पाहिलं, मग परत बाबांकडे. मग ते दारातून बाजूला झाले.

"आत या की मग. बाहेर काय उभे ऱ्हायलाव?"